करीच्या दिवसाची आमटी

इतिहासाला मेजवान्या फार आवडतात. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात अन्नभोगाचे एक प्रकरण आहे. मांडे कसे करावेत, डाळी कशा शिजवाव्यात, मांसाचे कोणते प्रकार राजाला वाढावेत, याची तपशीलवार हकिकत त्यात मिळते. पुढे पेशवाईतल्या पंगती आल्या. केळीच्या पानावर मीठ कोठे वाढायचे आणि वरण कोठे, याचे शिस्तशीर नियम आपण आजही कौतुकाने वाचतो. बखरकार असो की दरबारी कवी, पंगत बसली की त्याची लेखणी उठते आणि पंगत उठली की ती बसते. पण ज्या चुलीवर काल पाच पक्वान्ने झाली, त्याच चुलीवर दुसऱ्या दिवशी सकाळी काय शिजले? उरलेले कोणी खाल्ले, कोणी रांधले, कोणाला वाढले? हा प्रश्न इतिहासाने क्वचितच विचारला आहे. मला तो सणाच्या ताटाइतकाच महत्त्वाचा वाटतो. सणाच्या दिवशी प्रत्येक घर आपली ऐपत दाखवते. दुसऱ्या दिवशी दिसतो तो त्याचा खरा संसार, आणि गावाचा खरा स्वभावही.

आमच्या वऱ्हाडात या दुसऱ्या दिवसाला नाव आहे. त्याला ‘कर’ म्हणतात. पोळ्याची कर, होळीची कर, आखाजीची कर. पंचांगकर्त्यांनी करिदिन शुभकार्याला वर्ज्य मानला आहे. पण पोटाला शुभाशुभ कळत नाही. वडनेर भोलजी हे आमचे गाव नांदुरा तालुक्यातले, मलकापूर-नांदुरा रस्त्यावरचे, पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीचे. इथल्या सणांना वऱ्हाडचा रंग आहे, तसा शेजारच्या खानदेशचाही आहे. पोळ्याला बैलांना पुरणपोळीचा घास भरवायचा आणि मग घरच्यांनी खायचे, ही जुनी रीत. करीच्या दिवशी मांसाहारी घरांतून रस्सा शिजतो, आणि इतर घरांतून कालची आमटी पुन्हा चुलीवर चढते.

ही आमटी म्हणजे कटाची आमटी. वाचकांपैकी बहुतेकांनी ती खाल्ली असेल, पण ती मुळात काय आहे याचा विचार थोड्यांनीच केला असेल. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवताना तिच्यात जरुरीपेक्षा जास्त पाणी घालतात. डाळ बोटाने चेपली जाईल इतकी शिजली की ती चाळणीत ओतून पाणी निथळून घेतात. डाळ गुळाबरोबर पुरणात जाते. मागे राहते ते पिवळसर, दाट, डाळीचे सत्त्व उतरलेले पाणी. हा कट. टाकून द्यायचा तर तो मोरीत जाईल. पण त्यात मूठभर शिजलेली डाळ किंवा चमचाभर पुरण कालवले, भाजलेले सुके खोबरे आणि कांदा वाटून घातला, काळा मसाला, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा आणि वरून मोहरी, जिरे, हिंग, कढीलिंबाची सणसणीत फोडणी दिली, की सणाच्या गोडाला तोंडी लावायला तिखट तयार होते. एकाच डाळीतून एक गोड आणि एक तिखट पदार्थ निघतो आणि वाया काही जात नाही.

मराठवाड्यात आणि सोलापुराकडे हिला येळवणी म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. भात वेळणे म्हणजे भातातले जास्तीचे पाणी काढून टाकणे. त्या वेळण्याचे पाणी ते वेळवणी, आणि बोलीत येळवणी. म्हणजे पदार्थाच्या नावातच कबुली आहे की हे काढून टाकलेले पाणी आहे. पक्वान्नाचे नाव सांगताना आपण त्यातल्या जिनसा सांगतो; इथे मात्र तो पदार्थ कशातून उरला हे सांगितले आहे.

या आमटीचा आणखी एक गुण असा की ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. मसाला मुरतो, आंबट-गोड-तिखट एकमेकांत मिसळते. पहिल्या दिवशी ती पोळीची दासी असते. दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर ती स्वतःच जेवण होते. परातीत शिळी भाकर कुस्करायची, वर वाफाळती आमटी ओतायची आणि पाच बोटांनी कालवून खायचे. शेतावर जायच्या घाईत असलेल्या माणसाला याहून सोपे आणि पोटभरीचे काय असणार?

इथे एका शब्दाची गंमत सांगितली पाहिजे. संस्कृतात ‘सूप’ म्हणजे शिजवलेली डाळ, वरण; म्हणून आचाऱ्याला सूपकार म्हणत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी १८७५ साली मराठीत पाकक्रियांचे पुस्तक छापले, तेव्हा त्याचे नावही ‘सूपशास्त्र’ असेच ठेवले. पलीकडे इंग्रजांचे ‘सूप’ आले आहे फ्रेंच ‘सूप’वरून, आणि त्या फ्रेंच शब्दाचा जुना अर्थ पातळ रस असा नव्हता. ज्यावर रस ओतायचा त्या पावाच्या तुकड्याला तो शब्द होता. शिळा, वाळलेला पाव ताटात ठेवायचा आणि वर गरम रस्सा ओतायचा. म्हणजे फ्रान्सचा शेतकरी आणि वऱ्हाडचा शेतकरी यांनी एकमेकांचे तोंडही न पाहता एकच युक्ती काढली होती. वाळलेले धान्यान्न आणि उरलेला रस, या दोहोंची गाठ घालून दिली की दोन्हींचा उद्धार होतो.

दुसऱ्या दिवसाची ही युक्ती जगात सर्वांत प्रसिद्ध झाली ती अमेरिकेत. तिकडे नोव्हेंबर महिन्यातल्या चौथ्या गुरुवारी आभारप्रदर्शनाचा सण असतो. १८६३ साली यादवी युद्धाच्या धामधुमीत अध्यक्ष लिंकन यांनी तो राष्ट्रीय सण म्हणून जाहीर केला. चौथा गुरुवार हा दिवस १९४१ च्या कायद्याने कायम झाला. या सणाचे मुख्य पक्वान्न म्हणजे टर्की नावाचा मोठा पक्षी, अख्खा भाजलेला. एक पक्षी सात-आठ किलोंचाही असतो. घरची माणसे कितीही जेवली तरी दुसऱ्या दिवशी हाडांचा सांगाडा आणि त्याला चिकटलेले मांस उरतेच. त्या दिवसाला तिकडे ‘कर’ म्हणत नाहीत, पण काम तेच होते. सांगाडा मोडून मोठ्या पातेल्यात घालतात, तो बुडेल इतके थंड पाणी ओततात, कांदा, गाजर, सेलरीचे दांडे, मिरीचे दाणे आणि तमालपत्रासारखे एक सुवासिक पान टाकतात आणि मंद आचेवर दोन-तीन तास ठेवतात. खळखळून उकळू द्यायचे नाही. नाहीतर रस गढूळ होतो. वर आलेला फेस काढायचा, शेवटी गाळून घ्यायचे, तरंगणारी चरबी काढायची, मग हाडांवरून सोडवलेले मांस आणि थोडा भात किंवा शेवया घालून वाढायचे. मीठ शेवटी, कारण भाजताना पक्ष्याला ते आधीच लावलेले असते. हाडांच्या सांध्यांतले चिवट द्रव्य मंद आचेवर विरघळते आणि त्याचे जिलेटीन होते. म्हणून चांगला झालेला रस थंड झाल्यावर खरवसासारखा थरथरतो. आमच्याकडच्या रश्श्यावर सकाळी थर जमतो, त्याच्याखाली असेच गोठलेले असते, हे करीच्या दिवशी पातेले उघडणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

या पक्ष्याच्या नावाचा घोटाळा वाचकांची करमणूक करील. तो मूळचा मेक्सिकोकडचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा म्हटले. तुर्कांनी त्याला ‘हिंदी’ हे नाव दिले. फ्रेंचांनीही हिंदुस्थानचाच ठरवला. पोर्तुगीजांनी त्याला ‘पेरू’ म्हटले, म्हणजे भलत्याच देशाचे नाव. ज्याला त्याला तो दुसऱ्याच्या घरचा वाटला. आणि तो हिंदुस्थानात खरोखरच आला होता. १६१२ साली जहांगीर बादशहाच्या हुकुमावरून मुकर्रबखानाने गोव्याच्या पोर्तुगीजांकडून ज्या नवलाच्या वस्तू विकत आणल्या, त्यांत हा पक्षी होता. त्याच्या डोक्याचे नि गळ्याचे रंग बदलताना पाहून बादशहा थक्क झाला, आपल्या आठवणींत त्याने त्याचे वर्णन केले आणि चित्रकारांना त्याचे चित्र काढायला लावले. उस्ताद मन्सूरने काढलेले ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. पक्ष्याचे चित्र राहिले. आपल्या स्वयंपाकघरात तो काही शिरला नाही.

पण त्याच्याच मुलखातली दुसरी एक वस्तू त्याच पोर्तुगीजांच्या वाटेने आली आणि आपल्या चुलीची मालकीण झाली. ती मिरची. सोळाव्या शतकापूर्वी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि सुंठ. सोमेश्वर राजाच्या स्वयंपाकघरात लाल मिरची नव्हती. आज कटाच्या आमटीवर जो लाल तवंग येतो, तो टर्कीच्या मायदेशाचा आहे. तेव्हा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरात सणाच्या दुसऱ्या दिवशी टर्कीच्या रसाला लसूण-मिरचीची फोडणी बसली, तर त्यात परके काही घडत नाही. दोन जुने शेजारी चारशे वर्षांनी एका पातेल्यात भेटतात.

येथवर सर्व गोड आहे. काटकसर, कौशल्य, जगभरच्या गृहिणींचे एकमत, असे लिहून लेख संपवता आला असता. पण उरलेल्या अन्नाचा इतिहास इतका निर्मळ नाही. मराठीत या अन्नाला दोन शब्द आहेत आणि त्यांच्यामध्ये एक खोल दरी आहे. एक शब्द ‘उरलेले’, दुसरा ‘उष्टे’. पातेल्यात राहते ते उरलेले. पानात राहते ते उष्टे. पहिले घरात राहते. दुसरे कोठे जाते?

शास्त्रांनी याचे उत्तर देऊन ठेवले होते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे आणि उष्टे अन्न तामसी माणसाला प्रिय असते असे सांगितले आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शिळ्या अन्नाला एक सवलत आहे: त्यात तूपतेलासारखा स्निग्ध पदार्थ असेल तर ते शिळे झाले तरी चालेल. आपली फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात या सवलतीत नेमके बसतात, हा योगायोग असेल. पण त्याच स्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत असेही सांगितले आहे. म्हणजे आपल्या पातेल्यातले स्वतःसाठी राखायचे, आणि आपल्या पानातले दुसऱ्याला द्यायचे. गावगाड्यात याचा अंमल शतकानुशतके झाला. महार वतनदाराने गावाची कामे करायची आणि संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी मागायची. लग्नाच्या पंगती उठल्या की पत्रावळींवरचे अन्न वाड्याबाहेर ताटकळणाऱ्यांच्या फडक्यात पडायचे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली. ज्यांनी ती वाचली त्यांना हे नव्याने सांगायला नको.

या प्रथेवर पहिला मोठा घाव बसला तो महाडला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी तिथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी हा त्या परिषदेचा प्रसिद्ध भाग, पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना तिथे आणखी एक गोष्ट सांगितली होती. मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडा आणि दुसऱ्यांचे शिळे-उष्टे तुकडे मागणे सोडा. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. पाणी पिण्याचा हक्क मागताना उष्टे नाकारण्याचे व्रतही घ्यावे लागते, हे त्या सभेने जाणले. भुकेल्या माणसाला अन्न नाकारायला सांगणे सोपे नव्हते. समोर भाकरी आहे, पोरे रडत आहेत, आणि तरी हात पुढे करायचा नाही. हा सत्याग्रह तळ्याकाठी एक दिवस नव्हे, तर घराघरांत वर्षानुवर्षे चालला. त्याचा इतिहास लिहिणारे थोडे आहेत.

याच लोकांच्या स्वयंपाकघरातही उरलेल्याची एक मोठी कला होती, हे विसरता येत नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकाने ती प्रथमच सविस्तर नोंदवली. मिळालेले मांस एका दिवसात संपणारे नसे. मग त्याच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवत, त्या चान्या. पावसाळ्यात काम नसले, घरात दुसरे काही नसले, की त्यांतल्या काही पाण्यात उकळायच्या आणि तिखट-मीठ घालून पातळ कोरड्यास करायचे. आता विचार करा. अमेरिकेतली बाई टर्कीचा सांगाडा उकळते, आमच्या घरातली बाई कट उकळते आणि ही बाई चान्या उकळते. तिघींचे शास्त्र एक, आच एक, पाणी एक. पण पहिल्या दोघींच्या पदार्थांना पाककृतींच्या पुस्तकांत जागा मिळाली आणि तिसरीच्या पदार्थाला २०१५ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

आमच्या जिल्ह्यात उष्ट्या अन्नाची एक गोष्ट सर्वांना पाठ आहे. वडनेरहून शेगाव काही फार दूर नाही. परंपरा सांगते की २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले, ते एका घरच्या पंगतीनंतर बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाने ही हकिकत घरोघर नेली. भाविक त्यातून अन्न हे ब्रह्म आहे असा बोध घेतात आणि तो योग्यच आहे. माझ्यासारख्या मास्तराला त्या वर्षाचेही महत्त्व वाटते. १८७६ ते १८७८ ही दक्षिणेत भयंकर दुष्काळाची वर्षे. अशा काळात रस्त्याच्या कडेला पत्रावळीवरची शिते वेचणारी माणसे थोडी नसतील. त्यांतल्या एकाला लोकांनी ओळखले आणि नमस्कार केला. बाकीच्यांच्या पत्रावळी कोणी पाहिल्या नाहीत.

आणि वारकऱ्यांनी तर उरलेल्याचा उत्सवच केला. काल्याच्या कीर्तनानंतर दहीकाला वाटतात. सगळ्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या आणि वाटून खाल्ल्या, ही त्यामागची कथा. काला हा शब्दच कालवण्यावरून आलेला. कोणाची भाकर कोणती हे ओळखू येऊ नये म्हणूनच ती कालवायची. एका दिवसापुरते का होईना, उरलेले आणि उष्टे यांमधली दरी इथे बुजते. दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा आपल्या जागेवर येई, हे खरे. पण वर्षातून एकदा तरी ती दरी बुजवता येते, हे लोकांना माहीत होते.

गरिबाला दुसऱ्याने सूप पाजण्याचे प्रयोग युरोपातही पुष्कळ झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये काउंट रमफर्ड याने गरिबांसाठी जव, वाटाणे, बटाटे, शिळ्या पावाचे तुकडे आणि शिरका यांचे स्वस्त सूप तयार केले आणि त्याचे गणित मांडून पुस्तके लिहिली. पॅरिसमध्ये त्याच्याही पुढे गेले. हाडे उकळून काढलेल्या जिलेटीनचे सूप इस्पितळांतून आणि अनाथगृहांतून देऊ लागले. मांसाची गरजच नाही, असा दावा होता. अखेर माझंदी या शास्त्रज्ञाच्या मंडळाने १८४१ साली अहवाल दिला की नुसत्या जिलेटीनवर प्राणी जगत नाही. हाडांचा रस उत्तम, पण बरोबर मांस, धान्य, भाजी हवी. घरातल्या बाईला हे कोणी शिकवावे लागले नव्हते. ती रसात भात टाकतच होती. ज्याला ते सूप स्वतः प्यायचे नव्हते, त्यालाच ते शिकायला अहवाल लागला.

आमच्या वऱ्हाडनेही असले सूप पाहिले आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ इथे फार कठीण गेला. कापसाने पैसा आणलेला होता, १८६७ साली रेल्वे थेट नागपूरपर्यंत पोचली होती; पण घरात ज्वारी नसली की कापूस शिजवून खाता येत नाही. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर रस्त्यांची नि पाझर तलावांची कामे निघाली, त्यांवर सुकडी वाटली गेली आणि रेशनच्या दुकानांतून अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. तिची भाकर थापताना तुटे, आणि खाणाऱ्याला ती गळ्याखाली घालायला पातळ कालवण लागे. त्या वर्षी गावोगाव डाळीत पाणी वाढले. आठ माणसांची आमटी बारा जणांना पुरवायची तर पाणी हाच एक मसाला असतो. जुन्या पिढीतल्या बायका अजून सांगतात, की त्या वर्षी आमटी नव्हती, आमटीचा वास होता.

आता घराच्या उंबऱ्याच्या आतही पाहिले पाहिजे. आपण म्हणतो, कटाची आमटी ही गृहिणीच्या बुद्धीची कमाल. ते खरेच आहे. डाळीत पाणी किती घालायचे, कारण आमच्या खारपाणपट्ट्याच्या कडेच्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. रात्री रस्सा एकदा खळखळून उकळून झाकायचा, पातेले पाण्याच्या परातीत ठेवायचे म्हणजे मुंग्या लागत नाहीत. पहाटे पुन्हा उकळी आणायची म्हणजे तो आंबत नाही. बाळंतिणीला आणि लहानग्यांना तिखट घालण्यापूर्वीचे अळणी आधी काढून ठेवायचे: हे सगळे ज्ञान तिचे. जंतूंचे शास्त्र तिने वाचले नव्हते, पण उकळीवर तिचा विश्वास होता. मात्र ही आमटी कोणाच्या वाट्याला आली हेही विचारले पाहिजे. पोळ्या पुरुषांच्या आणि पाहुण्यांच्या पंगतीत संपायच्या. बायका मागून बसायच्या, आणि पुष्कळ घरांत सुनेने नवऱ्याच्या उष्ट्या ताटातच जेवायचे, अशी रीत होती. म्हणजे उरलेले आणि उष्टे यांमधली ती दरी वेशीजवळच नव्हती; ती माजघरातूनही जात होती. जी बाई वेशीबाहेरच्याला वरून तुकडा टाकी, तिच्याच पदरी आत उष्टे ताट येई. तिने कटाची आमटी चविष्ट केली, कारण बहुधा तेच तिचे सणाचे जेवण होते.

मला या सगळ्या हकिकतीतून एकच गोष्ट दिसते. उरलेल्या अन्नात कमीपणा नाही. हाडांचा रस, डाळीचे पाणी, शिळी भाकर यांत अन्नाचे सत्त्व आहे आणि ते ओळखण्यात अक्कल आहे. कमीपणा येतो तो वाढणाऱ्याच्या हातावरून. आपल्या घरच्या सणाचे उरलेले आपण आपल्या चुलीवर चढवले, आपल्या मीठ-मिरचीने सारखे केले आणि सगळ्यांनी मिळून खाल्ले, तर ती कला. तेच दुसऱ्याने आपल्या पानातून काढून आपल्यासमोर टाकले, तर तो अपमान. पातेले तेच, पाणी तेच. पळी कोणाच्या हाती आहे यावर सगळे अवलंबून. बाबासाहेबांनी महाडला सांगितले ते हेच, की पळी आपल्या हाती घ्या.

आज दिवस पालटले आहेत. खेड्यातही शीतकपाट आले. दुसऱ्या दिवसाची आमटी आता पाण्याच्या परातीत नव्हे, तर पांढऱ्या पेटीत थंड पडून राहते, आणि पुष्कळदा चौथ्या दिवशी तशीच फेकली जाते. हॉटेलांतून कटाची आमटी वेगळी मागवता येते; तिच्यासाठी मुद्दाम डाळ शिजवतात, पुरण कोणी करत नाही. अमेरिकेतही हाडांचा रस डब्यांत भरून विकतात. सण नाही, पक्षी नाही, दुसरा दिवसही नाही. उरलेल्याची चव हवी आहे, पण उरण्याइतके कोणाबरोबर बसून जेवायला सवड नाही.

दुसरीकडे एक चांगली गोष्टही घडली आहे आणि मास्तर म्हणून ती मी रोज पाहतो. १९९५ साली देशभर शाळकरी मुलांसाठी आहाराची योजना निघाली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोरडे धान्य नव्हे, तर शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला. तेव्हापासून दुपारची घंटा झाली की गावच्या सगळ्या आळ्यांची मुले एका ओळीत बसतात आणि एकाच पातेल्यातली खिचडी खातात. पळी कधी कोणत्या घरच्या बाईच्या हाती, कधी कोणत्या. या ओळीत कुरबुरी होत नाहीत असे नाही. काही आया डबा देऊन पाठवतात, त्यामागचे कारण कधी पोटाचे असते, कधी मनाचे. पण ज्या गावात पंगतीनंतर पत्रावळींची वाट पाहणारी मुले होती, त्या गावात आज तीच ओळ सर्वांची पहिली पंगत आहे. खिचडी उरली तर ती पातेल्यात उरते, पानात नाही. पोरांना मी एवढेच सांगतो, की हवे तितकेच घ्या आणि मग पुन्हा मागा. मागायला लाजू नका, कारण ही मागणी हक्काची आहे.

पुढच्या पोळ्याला किंवा होळीला पुरणाची डाळ चढेल, तेव्हा तिच्यात तांब्याभर पाणी जास्त घालावे. कट मोरीत ओतू नये. आणि दुसऱ्या दिवशी आमटी मुरली, भाकर कुस्करून झाली, की घरातल्या सगळ्यांनी, जिने ती केली तिच्यासह, एका वेळी बसावे. करीचा दिवस पंचांगात अशुभ असला तरी असा जेवलेला दिवस अशुभ कसा ठरेल, हे पंचांगकर्त्यांनीच सांगावे.